ब्याऐंशी

साखळीच्या बाजारामागे, मासळीच्या टोपल्या धुतात त्या नळापलीकडे
जमिनीवर दोन हिरवे पट्टे, आणि एक उंच पेटी घूं करत उभी.
पाटीवर लिहिलंय: अडॅप्टर वापरण्यास मनाई आहे.
पाटीखाली मी अडॅप्टर लावून बसलेय.

माझी गाडी आधी कुठल्याशा खात्याची होती.
लिलावात घेतली. दारावरची अक्षरं खरवडलेली,
तरी उन्हात तिरकं पाहिलं की ‘सेवेत’ एवढं वाचता येतं.
तिचं तोंड जुन्या वळणाचं.
आताच्या खांबांची नळी त्यात बसत नाही,
म्हणून हा मधला ठोकळा: काळा, जड,
एका अंगाने नवी बोली बोलणारा, दुसऱ्या अंगाने जुनी.
त्याच्या पोटात त्याची स्वतःची इवलीशी बॅटरी असते.
ती उतरली की समोर विजेचा डोंगर असो,
गाडीची आणि खांबाची ओळखच पटत नाही.
हे मला होंड्याला कळलं, रात्री दीड वाजता.
तेव्हापासून मी मोबाइलच्या आधी त्याला चार्ज करते,
उशाशी ठेवून.

डिकीत सतरा मिशा, दोन जटा, स्पिरिट गमची बाटली.
केरीच्या जत्रेत दहाला नाटक.
अठ्ठ्याहत्तर झाले. पुरे म्हणून ठोकळा सोडवतेय

तेवढ्यात तशीच गाडी. तशीच पांढरी, त्याच लिलावातली,
फक्त हिच्या दारावर ‘शास’ उरलेलं.
उतरला तो इनास.
सहा टक्के. ‘बाये, म्हजो अडॅप्टर मेलो.’
रात्रीतून चोर्ला घाट चढून बेळगाव गाठायचं,
मागच्या सीटवर खोक्यांत दातांचे साचे,
प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी:
गांवस, खालचा, शनिवारी लग्न.

मी दिला.
देताना लक्षात आलं नाही
की वीज सुरू झाली की गाडी त्याला कुलपात धरते,
मधेच सोडत नाही.
ठोकळा उसना दिला तशी मीही उसनी गेले, सव्वा तास.

शाणू, तिथला राखणदार, पाटीकडे पाठ करून उभा राहिला.
‘मी काय बघितलं नाही. पण तापलं तर सांगा.’
आम्ही आळीपाळीने बोट लावून बघत राहिलो,
चहाच्या पेल्याला लावतात तसं.

नऊ. दुर्योधनाचा फोन. ताई, मिशी?
येतेय म्हटलं. एकतीस.
सव्वानऊ. दुर्योधनाचा फोन.
भीम रंगून बसलाय ताई, मी कोळशाने काढू का?
काढलीस तर बघ, म्हटलं.

इनासने एक जबडा काढून दाखवला. एक सुळा नव्हता त्याला.
‘लॅबवाले हा खड्डा मोजतात,’ म्हणाला, ‘दात मागीर.’
मी एक मिशी काढली. त्याने ती जबड्यावर धरली.
शाणू हसला, पाटीला पाठ करूनच.

ऐंशीनंतर वीज येते, पण तिची चाल बदलते,
जेवून झालं तरी पानावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.
त्याला घाटासाठी ब्याण्णव हवे होते.
मी ऐंशी म्हटलं. तो पंच्याऐंशी म्हणाला.
ब्याऐंशीवर तुटलं.
पैसे देऊ लागला, मी घेतले नाहीत, मग घेतले,
कारण टोलसारखं काहीतरी व्हायला हवं होतं.

ठोकळा मांडीवर. गरम.
त्याच्या स्वतःच्या बॅटरीची एकच काडी उरलेली, तीही लुकलुकत.
गाडीच्याच सॉकेटमध्ये त्याची वायर खोचली
आणि गाडी दामटली.

दुर्योधनाने कोळशाने काढलीच होती.
पुसायला वेळ नव्हता, घंटा झालेली, वरूनच चिकटवली.
कोळशावर गम धरत नाही.

मध्यरात्री विंगेत मोबाइल थरथरला. इनास:
पावलों. चार टक्के.
तेव्हाच दुसऱ्या अंकात डावी बाजू सुटली,
आणि दुर्योधनाने गदा खांद्यावरून उतरवून
रागाच्या बहाण्याने, ओठाला लावून धरली.